प्रॉम्सला पहिल्यांदा जाताना

परदेशातील एखाद्या संगीत महोत्सवाला आयुष्यात पहिल्यांदाच जायचे ठरवणाऱ्या मराठी रसिकाने लंडनच्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या महोत्सवापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. युरोपातील अनेक मोठे उन्हाळी महोत्सव शेतामाळावर, तंबूत राहून, पावसाचिखलात अनुभवायचे असतात. त्यांची गोडी वेगळी असली, तरी पहिल्या परदेश प्रवासात एवढे सगळे एकदम अंगावर घेणे अनेकांना जमत नाही. प्रॉम्स मात्र शहराच्या मध्यभागी, भक्कम छपराखाली भरतो. तो जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत सुमारे आठ आठवडे चालतो आणि जवळजवळ रोज नवी मैफल असते. त्यामुळे आपल्या खिशाला आणि रजेला झेपतील तेवढ्याच मैफली निवडता येतात. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, वादकांच्या अगदी समोरची जागा इथे सर्वांत स्वस्त असते, कारण ती उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी राखलेली असते.

ही प्रथा समजून घेतली की महोत्सवाचा स्वभावच कळतो. १० ऑगस्ट १८९५ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिली मैफल झाली. सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांना शास्त्रीय संगीत सामान्य माणसापर्यंत न्यायचे होते आणि त्यासाठी त्यांनी हेन्री वुड या तरुण वाद्यवृंद-संचालकाला हाताशी धरले. तिकीट एक शिलिंग होते. खाण्यापिण्याला आणि धूम्रपानालाही मुभा होती. गायन चालू असताना आगकाड्या ओढू नयेत, एवढीच विनंती असे. ‘प्रॉमनेड’ म्हणजे फेरफटका. फिरत, उभे राहून ऐकण्याच्या त्या मैफलींना पुढे लोकांनी लाडाने ‘प्रॉम्स’ म्हणायला सुरुवात केली, उभ्याने ऐकणाऱ्याला ‘प्रॉमर’ हे नाव पडले आणि अशा ऐकण्याला ‘प्रॉमिंग’.

या उपक्रमाला पैसा पुरवणारे डॉ. जॉर्ज कॅथकार्ट हे घशाच्या विकारांचे तज्ज्ञ होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. सर्व मैफलींचे संचालन वुड यांनीच करावे, ही पहिली. आणि वाद्यवृंदाची पट्टी खाली आणावी, ही दुसरी. त्या काळी इंग्लंडमधील वाद्यवृंद फार चढ्या पट्टीत वाजत असत आणि त्यामुळे गायकांच्या गळ्यावर ताण येतो, असे त्यांचे म्हणणे होते. गायकाच्या गळ्याला मानवेल तीच पट्टी धरायची, हे आपल्याकडे गृहीतच असते. तिथे मात्र तेवढ्यासाठी एका वैद्याला पदरचे पैसे घालून अट घालावी लागली. १९२७ पासून महोत्सवाची जबाबदारी बीबीसीने घेतली. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला आणि त्याच वर्षी प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आला. त्याचे मुख्य घर आजही तेच आहे. ढिगाऱ्यातून वाचलेला हेन्री वुड यांचा अर्धपुतळा दर हंगामात मंचामागच्या नळ्यांच्या भव्य ऑर्गनसमोर ठेवला जातो. सभागृहात शिरल्यावर पहिली नजर त्याच्याकडे जाऊ द्यावी.

मराठी माणसाला या वास्तूबद्दल आपलेपणा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. लता मंगेशकर यांचा परदेशातील पहिला जाहीर कार्यक्रम १९७४ मध्ये याच सभागृहात झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात खुद्द प्रॉम्सनेच एक संध्याकाळ लतादीदींच्या गाण्यांना वाहिली. तेव्हा गायिका पलक मुच्छल यांनी बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ती गाणी गायिली. सारंगीवादक पंडित राम नारायण २००९ मध्ये आणि सतारवादक अनुष्का शंकर २०२५ मध्ये इथे वाजवून गेल्या आहेत. तरीही केवळ भारतीय कार्यक्रम आहे म्हणून एवढ्या लांब जाऊ नये. पाश्चात्त्य वाद्यवृंद आपल्या पूर्ण आकारात ऐकण्यासाठीच तिथे जावे. आपल्याकडच्या कलावंताची मैफल त्या आठवड्यात जुळून आली, तर ती वरकड लाभ समजावी.

तारखा, व्हिसा आणि तिकिटे

संपूर्ण हंगामाचा कार्यक्रम साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात जाहीर होतो आणि बसण्याच्या जागांची विक्री मे महिन्यात सुरू होते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांच्या आधी अर्ज करता येत नाही आणि निर्णयाला नेहमीच्या परिस्थितीत तीन आठवडे लागतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की आपले वेळापत्रक आपोआप ठरते. समजा, १० ऑगस्टला निघायचे असेल, तर एप्रिलअखेर कार्यक्रम वाचून मैफली निवडाव्यात, मे महिन्यात एका किंवा दोन मैफलींची बसण्याची स्वस्त तिकिटे घ्यावीत आणि त्यानंतर लगेच व्हिसाचा अर्ज भरावा. व्हिसा हातात येण्यापूर्वी परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट घेऊ नये. महोत्सवाचे तिकीट अर्जासोबत जोडले, तर प्रवासाचा हेतू स्पष्ट होतो; पण तेवढ्यावर व्हिसा मिळतो, असे मात्र समजू नये. आपले उत्पन्न, बँकेतील नियमित व्यवहार आणि परत येण्याची ठोस कारणे यांना त्याहून अधिक वजन असते.

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याकडची एक चूक वारंवार दिसते. इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. सातबारा, मालमत्तेची मराठीतील कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचा मराठी आदेश, हे सगळे मूळ स्वरूपात तसेच जोडले तर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. भाषांतरकाराची सही, तारीख, पूर्ण नाव, संपर्काचा तपशील आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन त्यावर असायला हवे. अर्ज ऑनलाइन भरून झाला की बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी केंद्रात जावे लागते. जून-जुलैमध्ये सुट्टीला जाणाऱ्यांची तिथे गर्दी असते, म्हणून ती वेळ लवकर राखून ठेवावी. ज्यांच्या घरी गणपती बसतात किंवा ज्यांना गणपतीत कोकणात जावेच लागते, त्यांनी पंचांग पाहून जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरावा. महोत्सवाचा शेवट आणि गणेशोत्सव अनेक वर्षी एकमेकांच्या फार जवळ येतात.

आता तिकिटांविषयी. सभागृहात सुमारे पाच हजार माणसे मावतात आणि त्यांपैकी उभ्याच्या जागा हजाराच्या आसपास असतात. उभ्याचे तिकीट अलीकडच्या हंगामांत आठ पौंडांना मिळत आले आहे, म्हणजे आपल्या सुमारे हजार रुपयांना. मैफल कितीही नामांकित असली, तरी त्याची किंमत बदलत नाही. व्हिएन्नाचा किंवा बर्लिनचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद आला, तरी कठड्याला टेकून, पहिल्या व्हायोलिनवादकाचा गज दिसेल एवढ्या अंतरावरून ऐकण्याचे मोल तेवढेच राहते. ही तिकिटे बहुतांशी मैफलीच्या दिवशीच विकली जातात. सकाळी साडेनऊला ऑनलाइन विक्री सुरू होते आणि लोकप्रिय मैफलीची तिकिटे बघता बघता संपतात. म्हणून सभागृहाच्या संकेतस्थळावर आपले खाते भारतातूनच उघडून ठेवावे, कार्डाचा तपशील पडताळून पाहावा, परदेशी व्यवहारासाठी ते कार्ड बँकेकडून सुरू करून घ्यावे आणि त्या सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन हातात घेऊन बसावे. चौघे जात असाल, तर चौघांनीही आपापली खाती उघडावीत.

सगळा भरवसा मात्र उभ्याच्या तिकिटांवर ठेवू नये. दहा दिवसांच्या मुक्कामात चार मैफली ऐकायच्या असतील, तर ज्या एका मैफलीसाठी आपण खरोखर समुद्र ओलांडून आलो आहोत तिचे बसण्याचे तिकीट मे महिन्यातच घ्यावे आणि उरलेल्या तीन उभ्याने ऐकाव्यात. बसण्याच्या जागांमध्ये एक जागा नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. मंचाच्या मागे, ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना समूहगायकांसाठी आसने असतात आणि मोठा गायकवृंद नसेल त्या दिवशी त्यांची विक्री होते. तिथून वादकांच्या पाठी दिसतात, नगाऱ्यांचा आणि पितळी वाद्यांचा आवाज जास्त येतो, एकल गायकाचा आवाज मात्र समोरच्या बाजूला निघून जातो. पण तिथे संचालकाचा चेहरा दिसतो. भुवई उंचावून, डाव्या हाताच्या तळव्याने दाबून किंवा केवळ श्वास घेऊन ते ऐंशी-नव्वद माणसांकडून काय काय काढून घेतात, हे समोरून पाहिल्यावर वाद्यवृंद म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मैफलीसाठी ही जागा जरूर घ्यावी. पहिल्या मैफलीसाठी नको.

उभ्याच्या जागाही दोन ठिकाणी आहेत. मंचासमोरच्या गोल मोकळ्या भागाला अरेना म्हणतात आणि घुमटाखालच्या सर्वांत वरच्या वर्तुळाकार सज्जाला गॅलरी. अरेनात प्रत्येक वाद्याचा सूर वेगळा, धारदार ऐकू येतो. गॅलरीत सगळे सूर एकमेकांत मिसळून वर येतात आणि तिथे भिंतीला टेकून जमिनीवर बसता येते, चटई पसरून आडवे होऊन डोळे मिटून ऐकणारेही भेटतात. सवाईत सतरंजीवर बसून ऐकण्याची सवय असलेल्याला गॅलरी लगेच आपलीशी वाटेल. गुडघे दुखणाऱ्यांनीही तिकडेच जावे किंवा सरळ आसन घ्यावे, कारण अरेनात संगीत चालू असताना उभेच राहायचे असते.

कानाची तयारी

या भागाकडे प्रवासाच्या धांदलीत सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि प्रवासाचे सार्थक नेमके यावरच अवलंबून असते. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातील चित्रपटगीतांचा रंगमंच येतो. इथला वाद्यवृंद वेगळा आहे. बहुतेक मैफलींत ध्वनिक्षेपक वापरत नाहीत, जो आवाज येतो तो लाकूड, तार, पितळ आणि कातडे यांतून थेट येतो. ध्वनिक्षेपकाची सवय झालेल्या कानाला पहिली दहा मिनिटे तो आवाज लहान वाटतो. मग कान स्वतःहून पुढे सरकतो आणि अतिशय मंद वाजवलेला सूरही पाच हजार माणसांत स्पष्ट ऐकू येतो. हा बदल होऊ देण्यासाठी मैफलीच्या दिवशी दिवसभर कानात हेडफोन घालून फिरू नये.

निवड करताना चार प्रकारची चव घ्यावी, असे मी सुचवेन. एक मोठी सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी रचलेली अनेक भागांची कृती, एक कन्चेर्टो, म्हणजे एका वादकाचा सबंध वाद्यवृंदाशी चाललेला संवाद, एक समूहगायनाची रचना आणि एक ऑर्गनची किंवा रात्री उशिराची छोटी मैफल. रॉयल अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनमध्ये ९,९९९ नळ्या आहेत. त्याचा खर्ज कानाइतकाच पायाखालच्या जमिनीतून जाणवतो आणि कोणत्याही ध्वनिमुद्रणात तो पकडला जात नाही. बेथोव्हनची नववी सिंफनी बहुतेक प्रत्येक हंगामात असते आणि नवख्या श्रोत्यासाठी ती उत्तम निवड आहे. सुमारे सत्तर मिनिटांच्या या रचनेचे चार भाग आहेत. मंचावर दीडदोनशे गायक असतात आणि ते जवळपास पाऊण तास एक शब्दही न उच्चारता थांबून राहतात. चौथ्या भागात आधी चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्ये या रचनेतली प्रसिद्ध धून एकट्यानेच, अगदी हळू वाजवतात, मग एकेक वाद्य त्यात मिसळत जाते आणि नंतर कंठ उघडतात. विलंबितातून द्रुतापर्यंत सबुरीने जाणाऱ्या आपल्या श्रोत्याला ही वाट अनोळखी वाटणार नाही. गुस्ताव होल्स्टची रचना कार्यक्रमात दिसली तर तीही सोडू नये. या इंग्रज संगीतकाराने संस्कृतचा अभ्यास करून ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत आणली आणि त्यांना स्वरसाज दिला. सावित्रीच्या कथेवर त्याने छोटा ऑपेराही रचला.

निवडलेली प्रत्येक रचना निघण्यापूर्वी किमान आठ-दहा वेळा ऐकावी. पहिल्या दोन वेळा काहीही न वाचता ऐकावी, मग तिच्याविषयी वाचून, मग प्रत्येक भाग स्वतंत्रपणे आणि शेवटी एकदा सलग, उभ्याने. राग ओळखीचा झाला की बंदिशीतली नवी जागा जशी चटकन कळते, तसेच इथेही होते. मूळ धून कानात पक्की असेल, तरच तिचे रूप कुठे पालटले, ती कोणत्या वाद्याकडून कोणाकडे गेली, हे उभ्या उभ्या कळते. वाद्यांची बैठकही माहीत असावी. सर्वसाधारणपणे पहिली व्हायोलिन्स आपल्या डाव्या हाताला, चेलो आणि डबल बास उजवीकडे, बासरी, ओबो, क्लॅरिनेट यांसारखी फुंकवाद्ये मध्यभागी आणि पितळी वाद्ये व नगारे सर्वांत मागे असतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी आधी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची एक मैफल ऐकावी. २००६ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद दरवर्षी तिथे आपले हंगाम करतो. ध्वनिक्षेपकाविना ऐकण्याचा पहिला धडा आपल्याच गावात गिरवून झाला, तर लंडनची पहिली संध्याकाळ केवळ कान जुळवण्यात खर्ची पडत नाही.

लंडनमध्ये

उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. संध्याकाळी साडेसातला मैफल सुरू होते, तेव्हा आपल्या शरीरात मध्यरात्र झालेली असते. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीही मैफल ठेवू नये. मी पहिल्या खेपेला पोहोचलेल्या संध्याकाळीच उभा राहिलो आणि ज्या संथ भागासाठी महिनाभर तयारी केली होती, तो डोळ्यांवरची झापड आवरण्यातच निघून गेला. तो भाग पुन्हा प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मला अजून मिळालेली नाही, याची हळहळ मनात आहे.

सभागृहापर्यंत जाण्यासाठी साउथ केन्सिंग्टन हे भुयारी रेल्वेचे स्थानक सोयीचे आहे. तिथून एक्झिबिशन रोडने दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते. ९ आणि ५२ क्रमांकांच्या बस सभागृहाजवळून जातात. भाड्यासाठी वेगळे तिकीट काढण्याची गरज नसते, स्पर्श करून चालणारे बँकेचे कार्ड पुरते. मात्र प्रत्येक प्रवाशाचे कार्ड स्वतंत्र हवे. मैफल रात्री दहाच्या सुमारास संपते आणि तेव्हा गाड्या चालू असतात. एक्झिबिशन रोडवरच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. दुपारी तिथे गेलात आणि टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मांडलेला असला, तर तो पाहावा. त्याच्या पोटात हवेच्या भात्यावर वाजणारा छोटा ऑर्गन बसवलेला आहे आणि संध्याकाळी ९,९९९ नळ्यांचा ऑर्गन ऐकणाऱ्याने श्रीरंगपट्टणहून आलेला हा ऑर्गन आधी पाहिलेला असावा, असे मला वाटते. पण दिवसभर संग्रहालयांतून पायपीट करून संध्याकाळी अरेनात दोन तास उभे राहणे अंगाशी येते. मैफलीच्या दिवशी दुपारी दोन तास झोप घ्यावी.

संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहाच्या सुमारास उरकावे. मध्यंतर वीस मिनिटांचे असते आणि तेवढ्यात रांगेतून काही मिळेलच असे नाही. सभागृहासमोर रस्ता ओलांडला की केन्सिंग्टन गार्डन्सची हिरवळ आहे. घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी तिथे बसून खाव्यात. पेढे, बर्फी आणि तत्सम दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, हे मात्र सामान भरतानाच लक्षात असू द्यावे. पोशाखाचे बंधन नाही. साडी नेसून, झब्बा घालून किंवा साध्या सदऱ्यात कसेही जावे, पण पायांत वापरलेले, मऊ तळव्यांचे बूट असावेत. सभागृहात उकडते आणि बाहेर पडल्यावर गारवा असतो, म्हणून एक हलके पांघरूण जवळ ठेवावे.

सभागृह गोल आहे आणि त्याची दारे क्रमांकांनी ओळखली जातात. तिकिटावरचे दार नेमके पलीकडच्या बाजूला निघाले, तर अर्धा फेरा मारावा लागतो, तेव्हा तासभर आधी पोहोचणे हिताचे. उशिरा येणाऱ्याला रचना चालू असताना आत सोडत नाहीत. अरेनासाठी जो आधी रांगेत लागेल तो पुढे उभा राहतो. दरवर्षी न चुकता येणारी, हंगामभराचा पास घेतलेली मंडळी रांगेत भेटतात आणि त्यांच्याशी जरूर बोलावे. कोणत्या संचालकाच्या हातून कोणती रचना ऐकण्यासारखी आहे, हे त्यांच्याइतके जाणकारीने सांगणारे दुसरे कुणी मिळणार नाही. आत गेल्यावर अगदी कठड्याशी जागा मिळाली नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. चार-पाच ओळी मागे, मध्यभागी, वाद्यांचा तोल अधिक चांगला ऐकू येतो. छताकडे पाहिले की मोठ्या पांढऱ्या छत्र्यांसारख्या तबकड्या लटकलेल्या दिसतील. या घुमटात पूर्वी प्रत्येक सूर दोनदा ऐकू येई. तो प्रतिध्वनी मोडण्यासाठी १९६९ मध्ये त्या बसवल्या गेल्या.

सुरुवात होण्यापूर्वीच्या काही रीती माहीत असल्या, तर बावरल्यासारखे होत नाही. पियानोचे झाकण उघडले जात असताना अरेनातले प्रॉमर एका सुरात ‘हीव्ह’ म्हणून ओरडतात आणि वरून गॅलरी ‘हो’ म्हणून उत्तर देते, जशी आपल्याकडे ओझे उचलताना ‘हय्या हो’ ही साद पडते. सूर जुळवण्यासाठी पियानोवरचा एक स्वर वाजवला गेला की टाळ्या पडतात. एरवी ओबो हा स्वर देतो आणि बाकीची वाद्ये त्याला मिळवून घेतात. तंबोरे लागत असतानाची शांतता ज्याला प्रिय आहे त्याने हे अर्धे मिनिट कान देऊन ऐकावे.

सर्वांत कठीण जाते ते दाद आवरणे. समेवर मान हलली, एखादी सुंदर जागा आली की आपल्या तोंडून ‘क्या बात है’ सहज निघते आणि गाणाऱ्याला ती हवीच असते. तिथे रचना चालू असताना पूर्ण शांतता पाळतात. खोकलासुद्धा दोन भागांमधल्या विरामापर्यंत थोपवून धरतात. घशात आवंढा आला, डोळ्यांत पाणी आले, तरी ते मुकाट्याने येऊ द्यावे. रचनेचा एक भाग संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, याबाबत प्रॉम्समध्ये कडक शिस्त नाही. पुष्कळदा टाळ्या पडतात आणि कुणी रागावत नाही, तरी नवख्याने स्वतः सुरुवात करू नये. शेवटी संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबावे. एखाद्या हळुवार रचनेनंतर ते हात काही क्षण वरच राहतात आणि पाच हजार माणसे श्वास रोखून थांबलेली असतात. भैरवी संपल्यावर तंबोरे वाजत राहतात तेव्हा जे होते, तेच इथेही घडते. मैफल चालू असताना फोन पूर्ण बंद ठेवावा आणि छायाचित्रे फक्त आधी किंवा नंतर घ्यावीत.

उभे राहताना गुडघे ताठ ठेवू नयेत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहावे आणि मध्यंतरात बिनधास्त जमिनीवर बसावे, सगळेच बसतात. डोके हलके वाटू लागले तर संकोच न करता लगेच खाली बसावे आणि शेजाऱ्याला सांगावे. पाण्याची बाटली जवळ असावी. प्रवासाचा आरोग्य विमा भारतातूनच काढलेला असावा, कारण पर्यटकाला तिथल्या रुग्णालयातील बहुतेक उपचारांचा खर्च स्वतः द्यावा लागतो.

हंगामाची शेवटची रात्र जगभर दूरचित्रवाणीवर दिसते आणि त्यामुळे अनेकांना तीच पाहायची असते. तिची तिकिटे मिळवण्यासाठी हंगामात इतर पाच मैफलींची तिकिटे घेऊन सोडतीत नाव घालावे लागते किंवा खुल्या सोडतीत नशीब आजमावावे लागते. पहिल्या भेटीत त्या नादी लागू नये, असे मला मनापासून वाटते. त्या रात्री झेंडे फडकतात आणि ब्रिटनच्या सागरी सत्तेची जुनी गाणी सगळे सभागृह उठून गाते. त्यातला उत्साह खरा असतो, पण त्या गाण्यांतल्या सत्तेचे दुसरे टोक भोगलेल्या देशातून आलेल्या माणसाला त्यात मनापासून सूर मिसळणे सोपे जात नाही. शिवाय संगीताला त्या रात्री दुय्यम जागा मिळते. त्यापेक्षा ऑगस्टच्या मध्यातली मंगळवार-बुधवारची, फारशी गाजावाजा नसलेली मैफल निवडावी. बाहेरगावचा एखादा उत्तम वाद्यवृंद, मोजकी गर्दी आणि अरेनात हवी ती जागा, हे सगळे अशाच संध्याकाळी एकत्र मिळते.

मैफल संपल्यावर लगेच दाराकडे धावू नये. टाळ्या थांबल्या नाहीत तर वाद्यवृंद अनेकदा आणखी एक छोटी रचना वाजवतो आणि तिचे नाव छापील कार्यक्रमपत्रिकेत नसते. मध्यंतरात प्रॉमर मंडळी एकसुरात एक घोषणा करतात, ती असते संगीतविषयक धर्मादाय संस्थांसाठी जमवलेल्या पैशांची. बाहेर पडताना दारांशी त्यांच्यापैकी काही जण निधीचे डबे घेऊन उभे असतात. ब्रिटनमध्ये बहुतेक व्यवहार कार्डावर होत असल्याने खिशात नाणी उरत नाहीत, म्हणून पौंडाची दोन नाणी सकाळीच सुट्टी करून वेगळी ठेवावीत.